लघवी साफ होते म्हणून किडनी ठणठणीत? नव्या शुगरवाल्यांसाठी

आमचे मामाजी नागपूरच्या इतवारीत किराणा दुकान चालवायचे. शुगर पंधरा वर्षांची. किडनीचा विषय निघाला की त्यांचं एकच उत्तर, "मले लघवी साफ होऊन राहिली नं बापा, मंग किडनीले काय धाड भरली?" पायांवर सूज दिसली म्हणून शेवटी दवाखान्यात नेलं, तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा कचरा, ४.२ निघालं, नेहमीच्या कितीतरी वर. डॉक्टरांनी जुने कागद मागितले. मामींनी साडीच्या दुकानाची पिशवी टेबलावर उलटी केली. पंधरा वर्षांच्या फास्टिंग-पीपीच्या चिठ्ठ्या, दोन ईसीजी, मोतीबिंदूचं बिल. लघवीतल्या अल्ब्युमिनचा एकही रिपोर्ट नाही. तो करा असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि तो आपणच मागायचा असतो हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षांनी मला शुगर निघाली. त्या पिशवीच्या धाकानं मी पहिल्या महिन्यापासून रिपोर्ट मागत आणि वहीत उतरवत गेलो. ज्यांना नुकतीच टाइप २ निघाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. गोळी कोणती आणि किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण कोणती तपासणी मागायची, रिपोर्टवर बोट कुठे ठेवायचं आणि नागपूरच्या मे महिन्यात कशापासून लांब राहायचं, ही कामं पेशंटलाच करावी लागतात.

आधी पाइप समजून घ्या

उन्हाळ्यात संध्याकाळी आपण गच्चीवर पाइपनं पाणी मारतो. नळ पूर्ण सोडला आणि पाइपाचं पुढचं तोंड अंगठ्यानं दाबलं, की आत जोर वाढतो आणि पाइप हातात फुरफुरायला लागतो. पाइप जुना असेल तर मधेच कुठून तरी बारीक फवारा उडतो.

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक नळी आणि नेणारी एक नळी. शुगर वाढलेली राहिली की आणणारी नळी सैल पडते, म्हणजे नळ पूर्ण सुटतो, आणि नेणारी आवळते, म्हणजे अंगठा दाबला जातो. मधल्या गाळणीवर रात्रंदिवस दाब. वर बीपीही जास्त असेल तर टाकीच एक मजला उंच नेल्यासारखं. काही वर्षांत गाळणीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत झिरपायला लागतं. दुखत काहीच नाही. लघवी साफ होते, कधीकधी जास्तच होते. सुरुवातीला किडनी जोरात गाळत असते, म्हणून रक्ताचा रिपोर्टही छान येतो.

हा पाइप डोक्यात ठेवा. पुढे गोळ्यांचा आणि उन्हाचा विषय येईल तिथे तो पुन्हा लागेल.

पायरी पहिली: लॅबमध्ये दोन नावं घेऊन जा

पहिलं नाव, युरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. लॅबवाले त्याला एसीआर म्हणतात, काही जण अजून मायक्रोअल्ब्युमिन म्हणतात. दुसरं, रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर. टाइप १ वाल्यांना पहिली पाच वर्षं सवलत असते. टाइप २ वाल्यांना नाही, कारण आपली शुगर कधी सुरू झाली हे आपल्याला माहीतच नसतं. सापडते तेव्हा ती कधीकधी घरात चार-पाच वर्षं राहून गेलेली असते. म्हणून निदान झालं त्याच महिन्यात पहिली तपासणी, आणि नंतर दरवर्षी एकदा.

इथे माझी एक फजिती सांगतो. पहिल्या वर्षी घराजवळच्या एका लॅबमध्ये मी "लघवीची तपासणी करायची आहे" एवढंच म्हणालो. त्यांनी पट्टी बुडवून साधी युरिन रूटीन केली. रिपोर्टवर प्रोटीनपुढे "निल" आलं, मी खूश. डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. साध्या पट्टीला थोडंसं अल्ब्युमिन कळतच नाही, आणि आपल्याला नेमकं तेच थोडंसं शोधायचं असतं. तेव्हापासून मी डॉक्टरांची चिठ्ठीच काउंटरवर ठेवतो आणि पावतीवर "रेशो" हा शब्द आला का ते बघूनच पैसे देतो.

नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा, धार सुरू झाल्यावर मधली. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम केला असेल, ताप असेल, लघवीला जळजळ असेल, बाईची पाळी सुरू असेल किंवा शुगर चारशेच्या घरात असेल, तर आठ-दहा दिवस थांबा. अशा वेळी अल्ब्युमिन उगाच जास्त दिसतं. आणि रक्त द्यायच्या आदल्या रात्री सावजीचं मटण नको. शिजवलेल्या मांसानं दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं. मटण रिपोर्ट आल्यावर खा, आनंदात किंवा दुःखात.

आता आकडे वाचा. रेशो ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असला तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली आहे. ३०० च्या वर गेला तर गळती मोठी. पण एका रिपोर्टवर रडत बसू नका. तीन ते सहा महिन्यांत तीनदा तपासून दोनदा जास्त आला, तरच तो खरा धरतात. माझा एका वर्षी ८६ आला होता, रात्रभर झोप नाही. पुढच्या दोन वेळा ७१ आणि ७८. म्हणजे खराच होता. पण त्या टप्प्यावर तो औषधानं मागे फिरू शकतो, आणि माझा फिरला.

ईजीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते त्याचा अंदाज. ९० च्या वर उत्तम. ६० च्या खाली तीन महिने राहिला तर किडनीचा आजार म्हणतात. १५ च्या खाली गेला की डायलिसिसची भाषा सुरू होते. लोक ज्याला टक्के म्हणतात तो आकडा साधारण हाच.

नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका, हे मी दोनदा लिहीन. लॅबच्या कागदावर १.१ समोर "नॉर्मल" छापलेलं असतं. तीस वर्षांच्या गड्याला १.१ असेल तर ईजीएफआर नव्वदीच्या पुढे येतो. तेच १.१ पासष्ट वर्षांच्या बाईला असेल तर साधारण ५६ येतो, म्हणजे तिची किडनी साठच्या रेषेखाली आली आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. वय झालं, अंग वाळलं की ते मुळातच कमी तयार होतं. घरातल्या सडपातळ म्हाताऱ्या बायांचे रिपोर्ट म्हणून जास्त बारकाईनं बघा. ईजीएफआर छापलेला नसेल तर लॅबला वय सांगा आणि छापून मागा.

पायरी दुसरी: दोनशे पानी वही

मोबाइलमध्ये फोटो ठेवतो म्हणणाऱ्यांचे फोटो लग्नाच्या फोटोंखाली गाडले जातात. वही घ्या. एका पानावर रकाने आखा: तारीख, एसीआर, क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा), बीपी, वजन. शेवटी एक रुंद रकाना "काय झालं होतं" यासाठी. माझ्या वहीत तिथे "डेंग्यू", "दाताचं ऑपरेशन, पाच दिवस दुखीच्या गोळ्या", "नवी बीपीची गोळी" असं लिहिलेलं आहे. डॉक्टर सगळ्यात आधी तोच रकाना वाचतात.

एकटा आकडा फारसं बोलत नाही, ओळ बोलते. ईजीएफआर ७२ हा वाईट नाही. पण ८८, ८१, ७२ अशी उतरती ओळ दिसली तर लगेच दाखवायला हवं, कारण वर्षाला पाचापेक्षा जास्त उतार हा वेगाचा मानतात. साडीच्या पिशवीतल्या सुट्या चिठ्ठ्यांमध्ये ही ओळ दिसत नाही.

पायरी तिसरी: बीपी घरी, नीट बसून

शुगरवाल्याच्या किडनीला शुगरइतकाच, कधी कधी जास्त, त्रास बीपी देतं. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा. त्याआधी अर्धा तास चहा नाही, खर्रा नाही. हात छातीच्या उंचीवर टेकवलेला. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही लिहा. बहुतेकांसाठी लक्ष्य १३०/८० च्या खाली असतं. तुमचं वेगळं असेल तर डॉक्टर सांगतील.

खर्रा आला आहे तर तेही उरकून घेतो. पानठेल्यावर पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना घोटताना बघणाऱ्याला वाटतं, हे तर फक्त तोंडात राहतं. निकोटिन तोंडातून रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं, आणि तोंडाच्या कॅन्सरचं वेगळंच. बिडी-सिगारेटनं शुगरवाल्याची किडनी लवकर खराब होते. दोन्ही सोडा. कसं सोडायचं हा वेगळा लेख आहे. मला स्वतःला सोडायला तीन खेपा लागल्या.

पायरी चौथी: किडनीच्या गोळ्या म्हणजे काय ते समजा

"बीपी नॉर्मल आहे तरी बीपीची गोळी काहून दिली जी?" हा प्रश्न ओपीडीबाहेरच्या बाकावर मी कितीदा ऐकला असेल. पाइप आठवा. नावाच्या शेवटी "प्रिल" असलेल्या, म्हणजे रामिप्रिल, एनालाप्रिल, आणि "सार्टन" असलेल्या, म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन, या गोळ्या पुढचा अंगठा सैल करतात. गाळणीवरचा दाब उतरतो, अल्ब्युमिन कमी गळतं. म्हणून लघवीत अल्ब्युमिन असेल तर बीपी फार वाढलेलं नसतानाही या गोळ्या देतात. दोन्ही प्रकार एकदम घ्यायचे नसतात. प्रिलनं कोरडा खोकला येऊ शकतो. आला तर कफ सिरप पीत बसू नका, डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. गरोदरपणात या गोळ्या चालत नाहीत, म्हणून मूल हवं असलेल्या बायांनी आधीच बोलावं.

दुसरा गट नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असलेला: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात हे सगळे सांगतात. किडनीसाठी महत्त्वाचं हे, की त्या मागचा नळ थोडा बंद करतात. २०१९ ते २०२२ या काळात तिन्ही औषधांच्या मोठ्या चाचण्या झाल्या आणि तिन्हींत किडनी बिघडण्याचा वेग कमी झाला. ईजीएफआर २० पर्यंत उतरलेला असला तरी त्या सुरू करता येतात. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये संपलं, तेव्हापासून कितीतरी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळतात. महागडं नाव परवडत नाही म्हणून औषध सोडणाऱ्यांनी डॉक्टरांना जेनेरिक लिहून मागावं.

यांचा त्रासही सांगायला हवा. लघवीत साखर राहते म्हणून लघवीच्या जागी खाज, बुरशी होऊ शकते. लाजेपायी लोक सांगत नाहीत आणि गोळीच बंद करतात. त्या जागी पाण्यानं धुऊन कोरडं ठेवलं तर बहुतेकांचं भागतं, नाहीतर साधं मलम मिळतं. ऑपरेशन ठरलं असेल तर तीन-चार दिवस आधी ही गोळी थांबवावी लागते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवणीनं सांगा. कडक उपास करतानाही विचारून घ्या.

एक गोष्ट नवख्याला हमखास घाबरवते. यातली कोणतीही गोळी सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन थोडं वाढतं. "गोळीनं किडनी खराब केली" म्हणून लोक ती फेकतात. दाब उतरला की गाळणं थोडं कमी होणारच. पाइपाचा फुरफुराट थांबला एवढाच त्याचा अर्थ. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घेतात. म्हणूनच प्रिल-सार्टन सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासायला सांगतात. ती तपासणी चुकवू नका.

आणि मेटफॉर्मिन. "मेटफॉर्मिननं किडनी जाते" हे वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरतं आणि दर दिवाळीला नव्यानं येतं. मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही. उलट किडनी आधीच बरीच बिघडली असेल तर ती गोळी शरीरात साठते, म्हणून ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर डोस कमी करतात आणि ३० च्या खाली बंद करतात. वहीतला आकडा इथे कामी येतो.

शुगर किती, आणि ती "आपोआप" उतरली तर

एचबीए१सी बहुतेकांना ७ च्या आसपास ठेवायला सांगतात. वय झालेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला ८ पर्यंतही चालतो, कारण रात्री शुगर एकदम खाली जाणं त्याच्यासाठी जास्त धोक्याचं. यावर अधिक लिहीत नाही, शुगरबद्दल तुम्हाला सगळं जग सांगतच असतं.

सांगायचं ते वेगळंच. मामाजींची शुगर दवाखान्यात नेण्याआधीच्या वर्षभरात "सुधारली" होती. इन्सुलिन ३० युनिटवरून १४ वर आलं. घरात पेढे वाटायचे बाकी होते. डॉक्टरांनी नंतर समजावलं, इन्सुलिन शरीरातून बाहेर टाकायचं बरंचसं काम किडनी करते. किडनी थकली की तेच इन्सुलिन जास्त वेळ टिकतं आणि शुगर खाली येते. खाणं, वजन, चालणं काही बदललं नसताना शुगर अचानक सुधारली, वारंवार घाम फुटून थरथर व्हायला लागली, तर त्याच आठवड्यात क्रिएटिनिन करा.

पायरी पाचवी: मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर गप्प राहू नका

गुडघा दुखतो, कंबर धरली, दात ठणकतो. गल्लीतल्या मेडिकलवर जाऊन आपण म्हणतो, "भाऊ, दुखीची एक गोळी दे." तो मागे वळतो, डबा खाली घेतो, कात्रीनं पट्टीतल्या दोन गोळ्या कापून कागदात देतो. नाव कापलेल्या भागात राहून जातं. त्या गोळीत डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा निमेसुलाइड असण्याची शक्यता मोठी.

पुन्हा पाइप. या गोळ्या मागचा नळ आवळतात. तुम्ही टेल्मिसार्टन घेत असाल तर पुढचा अंगठा आधीच सैल आहे. त्यात लघवी जास्त करणारी गोळी सुरू असेल, किंवा उन्हानं अंगातलं पाणी आटलं असेल, तर टाकीही रिकामी. नळ बंद, टाकी रिकामी, पुढे दाब धरायला कोणी नाही. गाळणं जवळजवळ थांबतं. चार दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट झालेले लोक असेच दवाखान्यात येतात.

म्हणून काउंटरवर एक वाक्य पाठ करा: "मला शुगर आहे, किडनी सांभाळायची आहे, नुसतं पॅरासिटामॉल द्या." कॉम्बिनेशनची गोळी नको, कारण त्यात पॅरासिटामॉलसोबत दुसरं काहीतरी घातलेलं असतं. गोळी घरी न्याल तर नावासकट पट्टी न्या. दुखणं त्यानं भागत नसेल तर डॉक्टरांकडे जा. दुखीवर लावायचं मलम, शेक, व्यायाम असे मार्ग असतात.

याच काउंटरवर "शुगर मुळापासून बरी" करणारी बिनालेबलची चूर्णं आणि भस्मंही मिळतात. काहींत शिसं, पारा असे जड धातू सापडलेले आहेत, काहींत गुपचूप इंग्रजी औषध मिसळलेलं असतं. डब्यावर घटक छापलेले नसतील तर ते पोटात जाऊ देऊ नका. व्यायामशाळेतली प्रोटीन पावडरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीसाठी शिरेतून डाय (आतलं चित्र स्पष्ट दिसावं म्हणून देतात ते औषध) देणार असतील, तर आधी तुमचा ईजीएफआर सांगा.

पायरी सहावी: ताटातलं मीठ शोधा

दिवसाला एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं, म्हणजे चहाचा एक छोटा सपाट चमचा, दिवसभराचं सगळं धरून. आम्ही घरी एक प्रयोग केला. सकाळी बायकोनं माझ्या वाट्याचं पाच ग्रॅम मीठ वाटीत काढून ओट्यावर ठेवलं आणि माझ्या वाटणीचं जे शिजेल त्यात त्याच वाटीतून घालायचं ठरलं. दुपारच्या वरणभाजीतच वाटीचा तळ दिसला. आणि लोणचं, पापड, चिवडा, मिरचीचा ठेचा यांतलं मीठ त्या वाटीत मोजलेलंच नव्हतं.

आपल्याकडच्या खाण्यात मीठ लपतं कुठे, ते बघा. तर्री पोह्यात पोहे बिचारे गरीब असतात; मीठ आणि तेल वरच्या तर्रीत आणि शेवेत. ठेल्यावर "तर्री कम" म्हणायला लाजू नका, वरून नुसता कांदा आणि सांबार मागा. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. सावजी रस्सा रोजचा नको, महिन्यातून कधीतरी, आणि त्यातही फोडी खा, रस्सा भुरकू नका. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो, त्यातही सोडियम. सैंधव मीठ तब्येतीचं म्हणून विकतात, पण तेही मीठच. "लो सोडियम" मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. किडनी कमजोर असेल किंवा सार्टन सुरू असेल तर ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

मीठ कमी केल्यावर पहिले दहा-बारा दिवस सगळं अळणी लागतं. लिंबू, आमसूल, जिरं, लसूण यांवर भागवा. जिभेला सवय लागते, तिसऱ्या आठवड्यात हॉटेलची भाजी खारट लागायला लागली की समजा जमलं.

डाळ सोडू नका. "किडनी आहे, वरण बंद" हे घरोघरी होतं आणि माणूस महिन्याभरात वाळतो. डायलिसिस नसलेल्या पेशंटलाही किलोमागे ०.८ ग्रॅम प्रोटीन दिवसाला लागतंच. साठ किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम झाले. साध्या वरण-भाकरी-दह्याच्या जेवणात तेवढं सहज बसतं.

संत्र्याचं काय? नागपुरात राहून हा प्रश्न टाळता येत नाही. पोटॅशियम नॉर्मल असेल तर एक संत्रं सोलून खा, फोडींसकट. रस नको, कारण एका ग्लासात तीन-चार संत्र्यांची साखर एका दमात पोटात जाते. संत्रा बर्फी ही बर्फी आहे, तिला फळ म्हणू नका. रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढलेलं आलं तर मात्र संत्रं, केळं, शहाळ्याचं पाणी यांवर आहारतज्ज्ञ मर्यादा घालतात. रिपोर्ट चांगला असताना भीतीपोटी आधीच सगळी फळं बंद करू नका. कमरख (स्टार फ्रूट) तेवढं किडनीच्या पेशंटनं अजिबात खाऊ नये. कमजोर किडनीला त्यातलं विष बाहेर टाकता येत नाही, आणि ते मेंदूवर जातं.

पायरी सातवी: मे महिन्याची चिठ्ठी आधीच लिहून घ्या

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला, पारा ४५ च्या पुढे गेला, की शुगरवाल्यानं दुपारी बाराच्या पुढे बाहेर पडू नये. फिरायला जायचं तर पहाटे साडेपाचला. अंबाझरीला त्या वेळी अर्धं नागपूर भेटतं. डोक्याला दुपट्टा आणि जवळ पाण्याची बाटली असू द्या.

"भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघते" हा सल्ला अर्धाच खरा. किडनी काही मोरी नाही. लघवी फिकट पिवळी राहील एवढं पाणी पुरे. पायांवर सूज असेल, हृदय कमजोर असेल तर डॉक्टर पाणी मोजूनच देतात, तिथे हा सल्ला उलटतो. ताक प्या, पण मीठ चिमटीभर. ज्वारीची आंबील बिनमिठाची चालते. पन्हं, रसना, उसाचा रस यांत साखर आहे हे मी सांगायला नको.

उन्हाळ्यात बीपी खाली येतं. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बीपी लिहून ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. गोळी कमी करावी लागू शकते.

आणि उलट्या-जुलाब, ताप, लू लागणं. ज्या दिवशी खाणं-पिणं पोटात टिकत नाही त्या दिवशी मेटफॉर्मिन, ग्लिफ्लोझिन, प्रिल-सार्टन आणि लघवीची गोळी तात्पुरती थांबवायला बहुतेक डॉक्टर सांगतात. नीट खायला-प्यायला लागून एक-दोन दिवस झाले की पुन्हा सुरू. पण कोणत्या गोळ्या तुम्ही थांबवायच्या, हे एप्रिलमध्येच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. रात्री अकराला उलट्या सुरू झाल्या की कोणी फोन उचलत नाही. माझी चिठ्ठी फ्रिजच्या दारावर लावलेली आहे. इन्सुलिन स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही. शुगर दर चार तासांनी मोजायची. जुलाब होत असतील तर शुगर असली तरी ओआरएस घ्यायचं, पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेलं, एक लिटर पाण्यात एक पाकीट. खोक्यातलं गोड पेय ओआरएस समजून आणू नका. सहा-आठ तास लघवीच झाली नाही, किंवा माणूस बरळायला लागला, तर घरी थांबू नका.

किडनीच्या डॉक्टरकडे कधी, आणि कुठे

तुमचे नेहमीचे डॉक्टर बराच काळ सांभाळू शकतात. नेफ्रॉलॉजिस्टकडे जायचं ते ईजीएफआर ३० च्या खाली गेला, एसीआर ३०० च्या वर टिकून राहिला, ओळ वेगानं उतरतेय, लघवीत रक्त दिसलं, किंवा पोटॅशियम वारंवार वाढतंय तेव्हा. डोळ्यांचा पडदाही दरवर्षी तपासा. शुगर किडनीच्या गाळण्या बिघडवते तेव्हा बरेचदा पडद्याच्या बारीक नसाही बिघडवते. प्रोटीन खूप जातंय पण पडदा अगदी स्वच्छ आहे असं दिसलं, तर डॉक्टर शुगरखेरीज दुसरं कारण शोधतात.

धंतोली-रामदासपेठेत खासगी दवाखाने पावलोपावली आहेत. सरकारीत मेडिकलचं, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं, सुपर स्पेशालिटी आणि मिहानमधलं एम्स, दोन्हीकडे किडनीचा विभाग आहे. जाताना सकाळी लवकर, वही घेऊन, आणि सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून. नुसतं "ती पांढरी, छोटी" म्हणून कोणाला काही कळत नाही. डायलिसिसची वेळ आलीच तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो खर्च बसतो. रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा, आणि दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी चौकशी करा.

शेवटचं, जे आम्हाला कोणी वेळेवर सांगितलं नाही. ईजीएफआर तीसच्या आसपास आला की उजव्या हातानं काम करणाऱ्यानं डाव्या हाताच्या शिरा राखून ठेवायच्या. रक्त काढायचं असेल, सलाइन लावायचं असेल तर उजवा हात पुढे करायचा, तोही शक्यतो तळहाताच्या मागची शीर. पुढे डायलिसिससाठी डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनी जोडून केलेली सुईची जागा, करायचा झाला तर शीर चांगली लागते. मामाजींच्या डाव्या हाताला इतक्या सुया टोचून झाल्या होत्या की पहिला फिस्टुला चाललाच नाही, दुसरा कोपराच्या वर करावा लागला. तो अजून चांगला चालतो. कान लावला की आत घरघर ऐकू येते. परवा माझ्या सहा वर्षांच्या पुतणीनं कान लावला आणि विचारलं, "आजोबा, आत मांजर आहे का?" मामाजी म्हणाले, "हाव बेटा. मीठ नाही खात, दूधही मोजूनच पिते."